आतली सगळी पानं

‘कव्हरावर लाल शाईने लिहिलेलं होतं की नव्हतं, एवढंच कळवा. बाकी मला कुणाकडून काही नको आहे.’

बारा वर्षांपूर्वी मला आलेल्या एका पत्राचा हा शेवट. पत्र वहीच्या रेघी कागदावर पाठपोट लिहिलेलं होतं. अक्षर गोल, कुठे खाडाखोड नाही. लिहिणारी बाई शिवणकाम करून पोट भरणारी होती आणि तिचा भाऊ आमच्या रुग्णालयात वारला होता.

उत्तराला एक ओळ पुरली असती. मी सात मसुदे केले. पहिल्यात ‘आदरणीय ताई’ लिहिलं, ते खोटं वाटलं. दुसऱ्यात ‘महोदया’ लिहिलं, ते सरकारी वाटलं. तिसऱ्यात मायनाच गाळला, तर पत्र निनावी धमकीसारखं दिसायला लागलं. बायको टेबलावर चहा ठेवत म्हणाली, “पत्र लिहिताय की कायदा?” तिला वाटलं, मी नेहमीसारखा शब्दांत अडकलोय. मीही तिला तसंच वाटू दिलं. सातवा मसुदा फाडला तेव्हा माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

मी वैद्यकीय कॉलेजच्या रुग्णालयात रेकॉर्ड रूमचा मुख्य कारकून होतो. जागा तळघरात. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांत रुग्णांच्या फायली, आणि मधल्या बोळातून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. मला ती जागा आवडायची. तिथे कुणाशी फारसं बोलावं लागत नसे, आणि दुपारी दिव्याखाली बसून पुस्तक वाचता येत असे. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात मी पटाईत होतो. वरच्या मजल्यांवर माझी एवढीच ख्याती.

आमच्या खोलीची एक पद्धत होती. नियमांच्या पुस्तकात ती कुठे नव्हती. माझ्या आधीच्या मुख्य कारकुनांनी सुरू केली आणि मी पुढे चालवली. एखाद्या रुग्णाला एखादं औषध सोसत नाही असं कळलं, की त्याच्या फायलीच्या जाड कव्हरावर उजव्या कोपऱ्यात लाल शाईने त्या औषधाचं नाव लिहायचं. आतल्या पानांत डॉक्टर कुठे काय लिहितील आणि कुठलं पान कुठे सरकेल याचा भरवसा नसे. कव्हर मात्र फाईल हातात घेणाऱ्याला आधी दिसायचंच. डॉक्टरांनाही सवय झाली होती. फाईल आली की त्यांची नजर आधी उजव्या कोपऱ्यात जायची. कोपरा कोरा असेल तर पुढे. त्यामुळे हळूहळू आत लिहिणंच बंद झालं.

तो भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. घसा सुजला म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि पोरगं निळं पडलं. कसंबसं वाचलं. आई-वडील नव्हते. घरी सोडताना एकोणीस वर्षांची बहीण कागद घ्यायला तळघरात आली. मी कव्हरावर लिहीत होतो, ती टेबलाच्या कडेला बोटं धरून बघत राहिली.

“काय लिहिताय, काका?”

“याला जे औषध चालत नाही ना, त्याचं नाव.”

“मला सांगून ठेवा की.”

मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, जीभ अडखळली आणि ती हसली. “माझ्या नाही लक्षात राहायचं. पुसणार तर नाही ना हे?”

“पाण्याने जात नाही ही शाई,” मी म्हणालो. “आणि लक्षात ठेवायचं काम आमचं. तुम्ही कधीही आलात, तर नुसतं सांगा, कव्हरावर बघा म्हणून.”

एवढं बोलणं माझ्यासाठी फार होतं. ती गेल्यावर मला जरा बरंही वाटलं होतं.

त्यानंतर अठरा वर्षांनी रुग्णालयात संगणक आले. जुन्या सगळ्या फायली स्कॅन करून आत घालायच्या, म्हणजे डॉक्टरला खाटेजवळ बसून रुग्णाचा इतिहास दिसेल आणि विद्यार्थ्यांनाही जुन्या केसेस अभ्यासता येतील. कल्पना चांगलीच होती. मी पुस्तकं जपणारा माणूस. कागद कुजण्यापेक्षा हे बरं, असं मला मनापासून वाटलं. पण स्कॅनिंगच्या यंत्रात आमची कव्हरं अडकायची. दर चार-पाच फायलींनंतर यंत्र बंद, झाकण उघडा, कव्हर ओढून काढा. काम महिनाभर मागे पडलं आणि अधीक्षकांनी बैठक बोलावली.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. “कव्हरं काढून घेतली तर?” मी म्हणालो. “कव्हरावर नाव आणि नंबरच असतो. तो पहिल्या पानावरही आहे.”

अधीक्षकांनी टेबलावर हात मारला. “बघा! एवढे इंजिनियर बसलेत इथे, आणि अक्कल कुणाची चालली? तळघराची!”

सगळे हसले, कुणीतरी माझी पाठ थोपटली. मी खुर्चीत बसलो तेव्हा माझे कान तापले होते. कव्हरावर तिसरी एक गोष्ट असते, ती मीच लिहितो, हे मला त्या वेळी आठवलं नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला विचारतो आहे, की आठवलं नव्हतं, की शाबासकी मिळत असताना आठवायचं नव्हतं. मला अजून सांगता येत नाही.

माहिती भरायला कंत्राटावर एक बाई आल्या होत्या. दोन मुलांची आई, हात इतका चालायचा की आम्ही त्यांना वेगबाई म्हणायचो. एके दिवशी त्यांनी हाक मारली. “काका, इथे एक चौकोन आहे. ‘औषधाची ॲलर्जी’. भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. काय टाकू?”

“आत काही लिहिलंय का?”

“आत कोरं आहे.”

“मग ‘नाही’ टाका.”

त्या एका पावसाळ्यात वेगबाईंनी एकोणीस हजार फायलींत ‘नाही’ टाकलं. कव्हरं रद्दीत गेली. ट्रक भरताना मी शेजारी उभा होतो आणि पावतीवर सही माझी आहे.

दोन वर्षांनी, एका सकाळी अकराच्या सुमाराला, वरून तळघरात फोन आला. “एकोणतीस वर्षांचा पुरुष, छापखान्यात कामाला, पायाला जखम. याची जुनी फाईल लगेच वर पाठवा. कागदाची.”

“कागदाची नाही आता,” मी म्हणालो. “सगळं संगणकात आहे.”

“त्यातलं बघितलं. बहीण म्हणते, कव्हरावर लाल शाईने लिहिलंय.”

मी फोन धरून उभा राहिलो. तिकडून आवाज आला, “काका? आहात का?” आणि मग पलीकडे कुणीतरी धावत गेल्याचा आवाज, आणि फोन नुसताच ठेवला गेला. इंजेक्शन आधीच दिलेलं होतं. दुपारी एकला तो गेला.

चौकशीला तिघे बसले होते. मला एकच प्रश्न विचारला. “या रुग्णाची संगणकातली फाईल पूर्ण आहे का?”

“हो,” मी म्हणालो. “आतली सगळी पानं आहेत.”

‘आतली’ या शब्दावर कुणी थांबलं नाही. मी तो मुद्दाम घातला होता. खोटंही बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही. निष्कर्ष निघाला, की नातेवाईकांनी औषधाचं नाव वेळेवर सांगितलं नाही.

महिन्याभराने ते पत्र आलं. रुग्णालयात विचारलं तर सगळे म्हणतात असं काही कव्हर नव्हतंच, असं तिने लिहिलं होतं. ‘भावजय माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं, मला नाव माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. आता मलाही वाटायला लागलं आहे, की ती लाल शाई मी मनानेच रंगवली असेल. तुम्ही तिथे होतात. तुम्हीच म्हणाला होतात, कव्हरावर बघा म्हणून सांगा.’

ते पत्र मी कपाटात एका शब्दकोशात ठेवलं. पेन्शन ठरल्यावर लिहू, असं म्हणालो. पेन्शन ठरली. मग वाटलं, आता इतक्या उशिरा जखमेवरची खपली कशाला काढा. भित्र्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत, आणि चार पुस्तकं वाचलेली असली की ती चांगल्या भाषेत सुचतात.

निवृत्तीनंतर घरी बसून मी बायकोला नकोसा झालो. कॉलेजने संगणकावर रुग्ण तपासायला शिकवणारी प्रयोगशाळा काढली होती, तिथे हजेरीची वही आणि हेडफोन सांभाळायला कुणीतरी हवं होतं. गेली तीन वर्षं मी तिथे दिवसाचे चार तास बसतो. वीस पडदे, वीस विद्यार्थी. पडद्यावर रुग्ण येतो, लक्षणं सांगतो, विद्यार्थी प्रश्न निवडतात, औषध निवडतात. चुकलं तर रुग्ण मरतो आणि ‘पुन्हा सुरू करा’ असं बटण येतं. सगळ्या केसेस खऱ्या रुग्णांवरून केलेल्या, नावं काढून. मी पडद्यांकडे बघत नसे. माझ्याकडे माझं पुस्तक असायचं.

गेल्या महिन्यात नवीन केसेस आल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीचे हेडफोन बिघडले होते, म्हणून आवाज उघड्यावर लागला. रुग्ण क्रमांक सतरा. तरुण पुरुष, छापखान्यातला कामगार, पायाला पत्रा लागून चिघळलेली जखम, तापाने ग्लानीत. मुलीने ‘नातेवाईकाला विचारा’ वर बोट टेकवलं. पडद्यावरची बाई बोलली, “मला औषधाचं नाव नाही सांगता येत. तुमच्याकडे लिहिलेलं आहे सगळं.”

मुलीने नोंद उघडली. ॲलर्जी : नाही. तिने इंजेक्शन निवडलं.

“मारलास परत!” शेजारचा मुलगा हसला.

“मी काय करू? ही बाई काही सांगतच नाही. बाईनेच मारलं बिचाऱ्याला.”

“खाली वाच, खाली वाच. धडा काय दिलाय?”

“नातेवाईकाने अपुरी माहिती दिल्यास नोंदीवर विसंबू नये.” तिने जांभई दिली. “म्हणजे तेच की. पुन्हा सुरू कर.”

माझ्या मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. मुलगी उठून द्यायला आली. “काका, बरं वाटत नाहीये का?” गुणी मुलगी आहे. तिच्यावर राग धरायचा कसा?

केस ज्या मॅडमनी तयार केली होती, त्यांच्या खोलीबाहेर मी दोन दिवस नुसता जाऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दार उघडलं. “काका, वहीवर सही हवी आहे का?”

“नाही. सतरा नंबरचं बोलायचं होतं.”

त्यांनी मला बसायला सांगितलं. मी सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून केली, यंत्रात कव्हर अडकण्यापासून. पण त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या, “त्या दिवशी पडद्यावरचं ‘नाही’ वाचणारी मीच होते, काका. नोकरीला लागून चौथा महिना होता.”

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

“त्या बाई मला म्हणाल्या होत्या, लाल शाई. मी म्हणाले, आता कव्हर नसतं हो, सगळं यात असतं. इंजेक्शन दिल्यावर मलाच राहवेना, म्हणून खाली फोन करायला लावला. तोवर झालं होतं.” त्या टेबलावरचे कागद सरळ करत राहिल्या. “केस लिहिली तेव्हा लाल शाईचं वाक्य मी घातलं होतं. समितीने काढायला लावलं. कव्हराचा पुरावा काय, म्हणाले. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मी सांगितलं नसतं,” मी म्हणालो. त्या खोलीत मी बोललेलं हे सगळ्यांत खरं वाक्य.

“आता लिहून द्याल?”

“देतो. पण केस बदलेल ना? त्या बाईंवरचा ठपका निघेल?”

“खरं सांगू? अकरा कॉलेजांत चालते ती केस. परीक्षेलाही आहे. मी पाठवीन वर. पण चौकशीत तुम्ही वेगळं सांगितलं होतं, हे समितीवाले काढतीलच.”

मी लिहून दिलं. आठवड्याने मोबाइलवर संदेश आला, की आपली सूचना क्रमांकासह नोंदवली गेली आहे. पुढे काही आलं नाही. मुलांची सतरा नंबरची फेरी आता संपली. पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा तेच ऐकतील.

मग उरलं ते पत्राचं उत्तर. बारा वर्षांत तिने घर बदललं असेल, म्हणून मी तळघरात गेलो. मांडण्या गेल्या आहेत, तिथे आता चार टेबलं आणि थंड हवा सोडणारं यंत्र आहे. वेगबाई तिथल्या मुख्य झाल्या आहेत. केस पांढरे झाले, हात तसाच चालतो.

“काका! वाट चुकलात की काय? बसा, बसा. कुणाला मारायला आलात, की जिवंत करायला?” त्यांची थट्टा जुनीच आहे, नोंदीत माणूस मेला की जिवंत हे त्यांच्या बोटांनीच ठरतं असं त्या म्हणायच्या.

मी नाव सांगितलं. शिवणकाम करतात, इथेच दाखवायला येत असतील, पत्ता तपासायचा आहे, असं म्हणालो. असं कुणाची फाईल बघणं बरोबर नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बोटं चालवली. मग थांबवली.

“काका, या गेल्या हो. दोन वर्षं झाली.”

मी वाकून पडद्यावरची तारीख वाचली.

“इथेच होत्या, बायकांच्या वॉर्डात. एकोणपन्नास वय. तुमच्या नात्यातल्या का?”

“नाही. पत्ता तोच आहे का?”

“तोच. जवळचं माणूस म्हणून भावजयीचं नाव दिलंय.” त्या पडदा वर सरकवत होत्या. “हे बघा, मानसोपचारवाल्या डॉक्टरांनीही लिहिलंय काही. झोप नाही. जेवण कमी. ‘माझ्यामुळे भाऊ गेला, असं वारंवार म्हणतात. कव्हर, लाल शाई असं काही सांगतात. भ्रम?’ पुढे प्रश्नचिन्ह घातलंय.” वेगबाईंचा आवाज उतरला. “लाल शाई म्हणजे आपली ती का हो, काका?”

“आपलीच.”

त्यांनी चष्मा काढला. पडद्यावर त्या प्रश्नचिन्हाशेजारी तारीख, वेळ, डॉक्टरांचं नाव, सगळं व्यवस्थित होतं. दुसऱ्या भेटीच्या नोंदीत प्रश्नचिन्ह गेलं होतं आणि नुसताच ‘भ्रम’ उरला होता. तिसऱ्या भेटीत पहिल्या दोन भेटींचं लिखाण जसंच्या तसं उतरवलेलं. त्यावर औषधं चालू होती.

“चौकोनात ‘नाही’ टाका असं तुम्ही म्हणाला होतात,” वेगबाई हळूच म्हणाल्या. “की मीच नीट विचारलं नव्हतं?”

“तुम्ही नीट विचारलं होतं,” मी म्हणालो. “मी सांगितलं होतं.” निदान तेवढं एका माणसाला वेळेवर सांगता आलं.

घरी येऊन मी पत्र लिहायला बसलो. बायको समोर येऊन उभी राहिली. तिला मी सगळं पहिल्यांदाच सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, “त्या गेल्या. आता कुणाला लिहिताय?”

“भावजयीला.”

“तिने पोलिसात दिलं तर?”

“देऊ दे.”

“आणि पेन्शन?”

मी पेनाचं टोपण काढलं. ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा मोठा येत राहिला. थोड्या वेळाने ती दारात आली आणि म्हणाली, “मायन्यावर वेळ घालवू नका या खेपेला.”

मायना घातला नाही. लिहिलं :

‘तुमच्या यजमानांच्या फायलीच्या कव्हरावर पेनिसिलिन हे नाव लाल शाईने लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं होतं. लक्षात ठेवायची गरज नाही, नुसतं कव्हर बघायला सांगा, असं तुमच्या नणंदेला मीच सांगितलं होतं. त्यांनी त्या दिवशी तसंच सांगितलं. कव्हरं काढून टाकायची सूचना माझी होती आणि संगणकात “नाही” लिहायलाही मीच सांगितलं. चौकशीत मी हे बोललो नाही. त्यांनी मला पत्र पाठवून विचारलं होतं, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. त्यांना भ्रम नव्हता. त्यांची चूक नव्हती. हे मी कुणासमोरही सांगेन. खाली माझा पत्ता आहे.’

क्षमा मागणारं एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. ती ज्यांच्याकडे मागायची, त्या राहिल्या नव्हत्या. खाडाखोड तशीच ठेवून पत्र पाकिटात घातलं. नक्कल करायला बसलो असतो तर आठवा मसुदा झाला असता.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं तेव्हा पावणेचार वाजले होते. पेटी चारला उघडतात असं तिच्यावर लिहिलेलं आहे. घरी जायचं सोडून मी तिथेच उभा राहिलो. चारला पोस्टमन सायकलवरून आला, किल्ली लावून त्याने पेटीचं दार उघडलं आणि आतली पत्रं दोन्ही हातांनी गोळा करून पिशवीत घालायला लागला. मी जवळ उभा आहे हे बघून तो थांबला.

“काय आजोबा, चुकून टाकलं का काही? परत देता येत नाही हां, सांगून ठेवतो.”

“नाही,” मी म्हणालो. “परत नकोय.”

त्याने पिशवीचं तोंड बांधलं. शेवटच्या मुठीत सगळी पाकिटं सारखीच दिसत होती. त्यांतलं माझं कुठलं, ते मला ओळखता आलं नाही.